वयाचा दोष की आयुष्याचा?

घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा औषधांचा डबा उघडला, तर त्यात सहसा एकाच आजाराच्या गोळ्या नसतात. रक्तदाबाची असते, साखरेची असते, रक्त पातळ करणारी असते, गुडघ्यांसाठीची असते. प्रत्येक गोळीमागे वेगळा डॉक्टर आणि वेगळी फाइल. इतके आजार एकाच देहात, एकाच काळात का जमतात? गेल्या पंचवीस वर्षांत रोगप्रतिकारशास्त्राने याचं एक उत्तर पुढे आणलं आहे : शरीराची प्रतिकारयंत्रणाही म्हातारी होते आणि तिच्या म्हातारपणाचे परिणाम प्रत्येक अवयवाला भोगावे लागतात. हे उत्तर सगळ्यांना मान्य नाही. खालच्या संवादातली भाची प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींवर काम करते. तिला ते पटतं. तिच्या आत्याने प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी म्हणून हयात घालवली आणि आता ती स्वतः सत्तरीत आहे. तिच्या हरकती आहेत आणि त्या हलक्या नाहीत.

आत्या : तुझ्या म्हणण्याचा गाभा आधी सांग. म्हातारपणीचे सगळे आजार प्रतिकारशक्ती कमी झाल्याने होतात, असंच ना?

भाची : ‘कमी झाली’ एवढं म्हणून भागत नाही गं. वय वाढतं तशी ही यंत्रणा दोन बाजूंनी बिघडते. नव्या जंतूशी लढायची तिची तयारी घटते, म्हणून न्यूमोनिया होतो, नागीण उठते, टीबी डोकं वर काढतो. आणि समोर लढायला कुणी नसतानाही अंगात बारीक दाह चालूच राहतो. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तराला, हाडांना, स्नायूंना, मेंदूला वर्षानुवर्षं इजा करत राहतो.

आत्या : एकाच यंत्रणेला दुबळीही म्हणायचं आणि नको तिथे पेटलेलीही म्हणायचं? मग कुठलाही आजार आणला, तरी तो एका नाहीतर दुसऱ्या खणात बसणारच. सगळ्याला लागू पडणाऱ्या सिद्धान्ताची मला भीती वाटते.

भाची : ही दोन कामं मुख्यतः वेगवेगळ्या पेशींची आहेत. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. जॅक मिलर यांनी १९६१ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून तिचं काम दाखवलं; तोवर तिला फारसं महत्त्व कुणी देत नव्हतं. टी पेशी तिथे घडतात आणि अंगभर पसरतात. पण वयात आल्यावर ही ग्रंथी झपाट्याने आटायला लागते आणि साठीपर्यंत तिची बरीचशी जागा चरबीने घेतलेली असते. म्हणजे कधी कुठला जंतू न पाहिलेल्या, कोऱ्या टी पेशींची आवक फार कमी होते. ही झाली दुबळी बाजू. दाह करणाऱ्या पेशी वेगळ्या. त्या जन्मजात प्रतिकाराच्या, आणि त्यांची आवक अस्थिमज्जेतून चालूच असते.

आत्या : आवक कमी झाली म्हणून माणूस उघडा पडतो, हे मला मान्य नाही. २००९ आठव. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तो एका शाळकरी मुलीचा. त्या साथीत जगभर साठीपुढच्या माणसांना तरुणांपेक्षा कमी लागण झाली. तुझी म्हातारी यंत्रणा तिथे तरुणांपेक्षा सरस ठरली की!

भाची : कारण तिने तशाच घडणीचा फ्लू लहानपणी पाहिलेला होता. गावातल्या जुन्या पोस्टमनला तीस वर्षांपूर्वीची घरं तोंडपाठ असतात. गावाबाहेर नवी वसाहत झाली, की तोच माणूस पत्ता विचारत फिरतो. म्हाताऱ्या प्रतिकारयंत्रणेचं तसंच आहे. ओळखीच्या जंतूंची तिची आठवण पक्की असते. १९१८ च्या साथीतून वाचलेल्यांच्या रक्तात नव्वद वर्षांनंतरही त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. पण २०२० साली आलेला कोरोना कुणाच्याच ओळखीचा नव्हता. तिथे कोऱ्या पेशी लागत होत्या, आणि त्या ज्यांच्याकडे थोड्या उरल्या होत्या ते वयस्क सगळ्यांत जास्त गेले.

आत्या : हे पटलं. पण जुने आजार? हृदयविकार काही नवा विषाणू नाही.

भाची : तिथे दुसरी बाजू येते. इटलीतले क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली मांडणी केली, की वयाबरोबर सगळ्या शरीरात एक मंद दाह वाढत जातो आणि म्हातारपणीच्या पुष्कळ आजारांचं मूळ त्यात आहे. तो येतो कुठून, याची कारणं हळूहळू कळत गेली. लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं, की माणसाची साधी पेशी ठरावीक वेळाच विभागते आणि मग थांबते. अशा थांबलेल्या, जीर्ण पेशी मरत नाहीत. त्या दाह वाढवणारी द्रव्यं आसपास सोडत बसतात. त्यांना काढून टाकणं हे प्रतिकारयंत्रणेचंच काम. ती थकली की जीर्ण पेशी साठतात, त्या साठल्या की दाह वाढतो आणि दाहाने यंत्रणा आणखी थकते. त्यात पोटावरची चरबी आहे, किडलेल्या हिरड्या आहेत, आयुष्यभर अंगात लपून राहणारे विषाणू आहेत.

आत्या : बघ, आता तू माझ्या अंगणात आलीस. पोटावरची चरबी आणि हिरड्या या काही वयाने येत नाहीत. मी ज्या गावांत काम केलं, तिथल्या बायका दहा-बारा वर्षांच्या असल्यापासून चुलीपुढे बसत. पहाटे मिश्री लावत. पन्नाशीत निम्मे दात गेलेले, छाती भरलेली, रक्त कमी. त्यांच्या अंगात दाह असणारच. त्याला ‘वयाचा दाह’ म्हटलं, की धूर सुटला, तंबाखू सुटली आणि गरिबीही सुटली. सगळा दोष जन्मतारखेवर!

भाची : त्या बायकांच्या बाबतीत तुझं खरं आहे. पण एकूण माणसाच्या बाबतीत?

आत्या : तेही सांगते. अलीकडे, २०२५ मध्ये, चार लोकसमूहांची तुलना प्रसिद्ध झाली. इटलीतले आणि सिंगापूरचे वयस्क एकीकडे; बोलिव्हियाच्या जंगलातले त्सिमाने आणि मलेशियातले ओरांग अस्ली दुसरीकडे. पहिल्या दोन ठिकाणी वयाबरोबर दाह वाढताना दिसला आणि त्याचा जुनाट आजारांशी संबंधही दिसला. दुसऱ्या दोन समूहांत ते चित्र उमटलंच नाही. त्सिमाने लोकांच्या अंगात दाह भरपूर असतो, कारण त्यांना सतत जंतांचे आणि इतर संसर्ग होत असतात. पण तो वयाबरोबर चढत नाही आणि हृदयविकाराकडे नेत नाही. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या जगात सर्वांत स्वच्छ असल्याचं २०१७ मध्येच नोंदलं गेलं आहे. मग ज्याला तू निसर्गनियम म्हणतेस, तो आपल्या राहणीचा परिणाम ठरत नाही का?

भाची : तो अभ्यास माझ्याही टेबलावर आहे आणि त्याने आमच्या क्षेत्राला विचार करायला लावलं आहे. दाहाचा वयाशी संबंध सगळीकडे सारखा नाही, हे मी मान्य करते. पण तेवढ्यावरून वय निर्दोष ठरत नाही. थायमस त्यांचीही आटते. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींत वयाबरोबर जनुकीय बदल साठत जातात. काही बदललेल्या पेशींची पिलावळ इतरांपेक्षा जास्त वाढते आणि त्यातून जास्त दाह करणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होतात. सत्तरीपुढच्या दहांतल्या किमान एकाच्या रक्तात हे आढळतं, आणि अशा माणसांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो. चुलीचा धूर नसलेल्या, व्यसन नसलेल्या घरातही हे घडतं.

आत्या : आणि आपल्याकडे वय व्हायच्या आधीच घडतं, त्याचं काय? पुण्यात केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबरचा स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला, तेव्हा कळलं की ही घडण आईच्या पोटातच सुरू होते. म्हणून आपल्याकडे साखर चाळिशीतच येते. तुझी ती दाहाची साखळी आपल्या माणसाच्या गळ्यात जन्मापासून पडते आहे. मग उपाय साठीनंतर कशाला शोधायचा?

भाची : कारण आज जो पंचाहत्तर वर्षांचा आहे, त्याचा जन्म आपण बदलू शकत नाही. त्याला आज काय द्यायचं? दाहच कमी केला तर? २०१७ मध्ये एक मोठी चाचणी झाली. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले दहा हजारांवर रुग्ण, सगळ्यांच्या रक्तात दाह दाखवणारी सीआरपीची पातळी चढलेली. त्यांतल्या काहींना दाहाचा एक विशिष्ट संदेश अडवणारं औषध टोचलं. कोलेस्टेरॉल तसंच राहिलं, तरी मधल्या मात्रेत पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयमृत्यू यांचं प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. दाह हा हृदयविकाराचा केवळ सोबती नसून कारण आहे, याचा माणसांतला तो पहिला भक्कम पुरावा.

आत्या : त्या चाचणीची पुढची ओळही वाच ना. औषध घेणाऱ्यांत जीवघेण्या संसर्गाचं प्रमाण वाढलं. एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. जो दाह माणसाला जाळतो, तोच त्याला जंतूंपासून वाचवतोही. टीबी घरोघरी लपून बसलेल्या आपल्या देशात म्हाताऱ्यांचा दाह सरसकट दाबायला निघालो तर काय होईल? आमच्याकडे हे मी पाहिलं आहे. गुडघेदुखीवर हमखास गुण येणाऱ्या पुड्या बाजारात मिळत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असे. म्हातारी चालायला लागायची, खूश व्हायची. काही महिन्यांत साखर चढायची, तोंडावर सूज यायची आणि कधी खोकला सुरू व्हायचा, तो टीबीचा निघायचा.

भाची : म्हणूनच सौम्य वाटा शोधणं चालू आहे. कोल्चिसिन हे गाउटवरचं जुनं औषध. आपल्याकडच्या कळलावीत तेच द्रव्य असतं. त्याच्या अगदी लहान मात्रेने हृदयरुग्णांना फायदा झाल्याचं २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत दिसलं. २०२४ च्या मोठ्या चाचणीत मात्र झटक्यानंतर लगेच दिलेल्या कोल्चिसिनचा फायदा दिसला नाही. प्रश्न मिटलेला नाही, हे मी लपवत नाही. कळलावी विषारी आहे, म्हणून कुणी घरी उगाळून घेऊ नये, हेही इथेच सांगून ठेवते.

आत्या : आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून विकली जाणारी चूर्णं, सरबतं? कोरोनानंतर प्रत्येक म्हाताऱ्याच्या उशाशी एक डबा असतोच.

भाची : त्यावर तू आणि मी एकाच बाजूला आहोत. कोणती शक्ती वाढवायची, हे त्या डब्यावर कधी लिहिलेलं नसतं. कोऱ्या टी पेशी त्याने परत येतात, असा पुरावा नाही; आणि दाह करणारी बाजू तर वाढवायचीच नसते. पण म्हाताऱ्यांना सध्याच्या ज्ञानावर देता येण्यासारखी एक गोष्ट आपल्याकडे आहे आणि आपण ती देत नाही. लस.

आत्या : लस संसर्गावर. आपण बोलतोय जुनाट आजारांवर.

भाची : हीच भिंत मला पाडायची आहे. म्हातारपणी संसर्ग आणि जुनाट आजार ही दोन खाती उरतच नाहीत. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये फ्लू झाल्याचं तपासणीने पक्कं झालेल्या लोकांचा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. फ्लूनंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट होतं. आधीच दाह असलेल्या रक्तवाहिनीला संसर्गाचा हिसका बसतो, आतला थर फाटतो, गुठळी होते. आपण मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहितो. सुरुवात मात्र आठवड्यापूर्वीच्या सर्दीतापाने झालेली असते. त्यामुळे हृदयरुग्णाला फ्लूची लस देणं हे हृदयाचंच औषध आहे.

आत्या : फ्लूचं मला मान्य आहे. याहून लांबचा संबंध दाखव.

भाची : नागीण. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, की तो विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो. टी पेशींचा पहारा सैल झाला, की तो नागिणीच्या रूपाने बाहेर येतो. आता वेल्सची गोष्ट ऐक. तिथे १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस द्यायला सुरुवात झाली, पण २ सप्टेंबर १९३३ च्या आधी जन्मलेल्यांना ती मिळणार नाही, असा नियम होता. म्हणजे काही दिवसांच्या फरकाने जन्मलेल्या, इतर सगळ्या बाबतींत सारख्या माणसांचे दोन गट आपोआप पडले. सात वर्षांनी पाहिलं, तर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश सुमारे एकपंचमांशाने कमी होता, बायकांत जास्त ठळकपणे. हे काम २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. विषाणू दबल्यामुळे मेंदूतला दाह कमी झाला, की लसीने यंत्रणेलाच वळण लावलं, हे अजून उलगडायचं आहे. पण संसर्गाची लस आणि मेंदूचा जुनाट आजार एकमेकांशी जोडलेले आहेत, हे त्याने दिसलं.

आत्या : हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि यात संताप येण्यासारखंही काही आहे. आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाने देवदुर्लभ काम केलं आहे, पण तो मुलांचा आणि गरोदर बायकांचा. फ्लू, न्यूमोनिया, नागीण यांच्या लसी वयस्कांना त्यात मिळत नाहीत. नागिणीची नवी लस घ्यायची तर दोन डोसांना हजारो रुपये. ज्या बाईने आयुष्यभर धूर गिळला, तिला तिची सर्वांत जास्त गरज आणि तिलाच ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी. तू विज्ञान सांगतेस. मला त्यात रांगेत मागे कोण राहिलं ते दिसतं.

भाची : मग ती मागणी आपण दोघींनी करायची. तू मघाशी म्हणालीस की ‘वय’ म्हटलं की बाकीची कारणं सुटतात. दवाखान्यातही तसं होतं का?

आत्या : रोज होतं. आणि इथे तुझं शास्त्र माझ्या कामाचं आहे. तरुणाला न्यूमोनिया झाला, की ताप चढतो, थंडी वाजते, घरचे धावत आणतात. ऐंशीच्या आजोबांना ताप येतच नाही, किंवा नावाला येतो. यंत्रणा तेवढी पेटतच नाही. ते जेवण टाकतात, असंबद्ध बोलायला लागतात, बाथरूममध्ये पडतात, कपड्यांत लघवी होते. घरचे म्हणतात, वय झालं. कधी कधी डॉक्टरही तेच म्हणतो. आत न्यूमोनिया असतो किंवा लघवीचा संसर्ग. माणूस दोन-चार दिवसांत अचानक बदलला, तर ते वय नव्हे; वय असं चार दिवसांत वाढत नाही. तो आजार आहे आणि त्याच दिवशी तपासायला हवा.

भाची : तसंच टीबीचं. मधुमेह असला, की टीबीचा धोका सुमारे तिप्पट होतो. त्यात वय मिळालं की खोकल्याकडे, वजन उतरण्याकडे ‘आता थकलेच’ म्हणून बघितलं जातं.

आत्या : आणि व्यायाम? तुम्ही लोक सायकलवाल्यांचा दाखला देता.

भाची : इंग्लंडमधल्या, ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांचा. आयुष्यभर सायकल चालवलेल्या त्या माणसांच्या थायमसमधून येणाऱ्या नव्या पेशी तरुणांइतक्या आढळल्या. २०१८ चा अभ्यास.

आत्या : मग माझ्या बायका? पाणी वाहिलं, निंदणी-खुरपणी केली, डोक्यावर सरपण आणलं. सायकलवाल्यांपेक्षा कमी कष्ट नव्हते. तरी साठीत कंबर मोडलेली.

भाची : कष्टाबरोबर ताटात प्रथिनं नव्हती, विश्रांती नव्हती, बाळंतपणं सलग झाली, धूर होता. व्यायामाचा फायदा भरलेल्या पोटी मिळतो. शिवाय ते सायकलस्वार मुळातच निरोगी म्हणून निवडलेले होते. त्यांच्यावरून मी एवढंच म्हणेन, की थायमसचं आटणं सगळं अटळ नाही. रोजचं चालणं, थोडा स्नायूंना ताण, ताटात डाळ-उसळ, दूध, अंडं, आणि दात-हिरड्यांची निगा. हे कुठल्याही डब्यापेक्षा खात्रीचं आहे.

आत्या : म्हणजे शेवटी तू मान्य करतेस, की प्रतिकारयंत्रणेचं वय हे जगण्याने ठरतं.

भाची : बरंचसं. सगळं नाही. उद्या प्रत्येक घरात धूर नसला, प्रत्येक गरोदर बाईला पुरेसं खायला मिळालं, तरी ऐंशी वर्षांच्या माणसाला वीस वर्षांच्या मुलाच्या पेशी मिळणार नाहीत. त्याच्यासाठी वेगळी लस, वेगळी मात्रा, वेगळं निदान लागेलच. ते शास्त्र उभं करायला ‘वय’ हे कारण म्हणून मान्य करावं लागतं.

आत्या : आणि मला भीती आहे ती त्या मान्यतेचीच. कारण वय हे कारण म्हटलं, की सगळा पैसा औषधांच्या कंपन्यांकडे जाईल आणि चूल तशीच राहील. इथे आपलं जुळणार नाही. पैसा एकच असेल, तर मी तो आधी गरोदर बाईच्या ताटात घालीन.

भाची : मी त्यातला थोडा तरी आजच्या आजीच्या दंडात घालीन. कारण आजीला पुढच्या पिढीचं आरोग्य सुधारेपर्यंत थांबता येणार नाही. पण एक गोष्ट दोघी मिळून म्हणू शकतो. साठीपुढच्या प्रत्येकाला प्राथमिक आरोग्य केंद्रात फ्लूची आणि न्यूमोनियाची लस फुकट मिळावी. साखर आणि रक्तदाब तपासायला बोलावतो त्याच दिवशी खोकला, वजन आणि दात पाहिले जावेत. दोन वेगळ्या वह्या, दोन वेगळे वार नकोत.

आत्या : त्यात माझी एक भर घाल. प्रत्येक घराला सांगायचं : म्हातारं माणूस अचानक मंदावलं, बरळलं, पडलं, तर त्याला दवाखान्यात न्या. आणि डॉक्टर ‘वय झालं’ म्हणाले, तर नम्रपणे विचारा, की काल ते ठीक होते, मग एका रात्रीत वय कसं झालं? या एका प्रश्नाने किती माणसं वाचतील, हे मी माझ्या कामातून जाणते. तुझ्या प्रयोगशाळेला उत्तरं सापडेपर्यंत हा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.